आईच्या नावाचा पक्षी

पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. संग्रहालयात तिला मॅडम म्हणत, पक्षीविभागाच्या दारावर तिच्या हुद्द्याची पितळी पाटी होती, आणि कुठकुठचे जाणकार तिला विचारत असत की आमच्याकडच्या पक्ष्याची शेपटी तुमच्याकडच्या पक्ष्याशी जुळते का, जरा बघून सांगा. पण संध्याकाळी घरी येऊन कोट खुंटीला अडकवला की पाटी संपली. "धाकटे, दूध उतू जाईल, बघ," एवढाच काय तो हुद्दा उरायचा.

घरात आई, ती आणि एक पक्षी. पक्षी पिंजऱ्यात नव्हता, भिंतीवर होता. जेवणाच्या टेबलासमोर, काचेच्या चौकटीत, दादाने स्वतः रंगवलेलं त्याचं चित्र होतं. दादा म्हणजे थोरला भाऊ. तोही याच संग्रहालयातला, निवृत्त होईपर्यंत याच विभागाचा प्रमुख. वीसेक वर्षांपूर्वी एका खडकाळ दरीत त्याला एक नवा रेन सापडला आणि त्याने त्याला आईचं नाव दिलं.

रेन हा अंगठ्यापेक्षा जरासाच मोठा, खाकी रंगाचा पक्षी. शेपटी सरळ वर उभी धरतो, लाकडांच्या ढिगाऱ्यात उंदरासारखा हिंडतो आणि गायला लागला की एवढ्याशा अंगातून एवढा आवाज निघतो कुठून, असं वाटतं. मूर्ती लहान पण कीर्ती मोठी. पंचाईत एवढीच की सगळे रेन एकमेकांसारखे दिसतात. त्यांची जातवारी लावायची म्हणजे शाळेत वर्गभर जुळी मुलं बसवून हजेरी घेण्यासारखं आहे. दादाला दरीत मिळालेल्या दोन पक्ष्यांच्या छातीवर मात्र खवल्यांची सुरेख काळी नक्षी होती, भुवईची पांढरी रेघ जवळजवळ नव्हतीच, आणि असा रेन कुणाच्याच ड्रॉवरमध्ये नव्हता. दादाने वर्णन लिहिलं, आईच्या नावाला लॅटिन शेपूट जोडलं आणि छापून टाकलं.

"पाखराला माझं नाव?" आई आधी रागावली होती. "लोक काय म्हणतील?" आठवड्याभरात तिने ते लोकांनाच सांगून टाकलं. डॉक्टर, बेकरीवाला, समोरच्या गल्लीतली शिंपीण, कुणी सुटलं नाही. बेकरीवाला तर वर्षानुवर्षं पाव बांधून देताना विचारायचा, "काय आजी, तुमचा पक्षी काय म्हणतो?"

पक्षी काय म्हणणार. पक्षी फार दिसायचाच नाही. उन्हाळ्यात त्या दरीत कुणाला एखाददुसरा दिसायचा, आणि पानगळ लागली की एकही नाही. पक्षीनिरीक्षक दरवर्षी तिथे दुर्बिणी घेऊन जात आणि हात हलवत परत येत. दादा हळहळायचा, आईला सांगायचा, "यंदाही थोडेच उरलेत गं." दुर्मीळ पक्ष्याचा मान जास्त, त्यामुळे त्या हळहळीत थोडा अभिमानही असायचा.

पानगळीच्या दिवसांत आई मुकी व्हायची. जेवण टाकायची, खिडकीशी बसून राहायची. बाबा अशाच एका पानगळीत गेले होते, त्यामुळे कुणी काही विचारायचं नाही. बाबांची आठवण येत असेल, असं म्हणून दोघं भावंडं त्या दिवसांत जरा जास्त येरझाऱ्या घालायची. तिच्या पुढ्यात सूप ठेवायचं, ते गार झालं की उचलायचं, असं चालायचं.

तर त्या वर्षी धाकटीने खाकी रेनांचा सगळा गट नव्याने लावून त्यावर पुस्तक लिहायला घेतलं होतं. तिच्या धंद्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. एक फोडणारी, म्हणजे शेपटीवर एक पट्टा जास्त दिसला की नवी जात काढणारी. दुसरी जोडणारी, म्हणजे पट्ट्याला पट्टा म्हणून सोडून देणारी. दादा पक्का फोडणारा. धाकटी जोडणारी. वहिनी म्हणायची, "बरं झालं तुम्ही दोघं पक्ष्यांवर भागवता. न्यायाधीश झाला असतात तर लोकांचे संसार मोडले तरी असते, नाहीतर जबरदस्तीने टिकवले तरी असते."

धाकटीने या गटातली निम्मीअधिक नावं एकमेकांत मिसळून टाकली होती. आईच्या पक्ष्याला मात्र तिने हात लावला नव्हता. ती छातीवरची नक्षी इतकी वेगळी होती की लावायचं कारणच नव्हतं. तिने पुस्तकात त्याला त्याची जागा देऊन ठेवली, वर्णन जसंच्या तसं घेतलं, आणि घरी येऊन आईला सांगितलंही, की बाकीच्यांची उचलबांगडी झाली, तुझा पक्षी शाबूत आहे. आई नुसती "बरं" म्हणाली.

मग दुसऱ्या एका संग्रहालयाकडून अभ्यासासाठी मागवलेलं खोकं आलं. संग्रहालयं एकमेकांना पक्षी उसने देतात. पक्षी म्हणजे कातडं, आत कापूस, पायाला चिठ्ठी. धाकटीने टेबलावर पांढरा कागद अंथरला, डांबरगोळ्यांचा वास नाकात भरून घेतला आणि एकेक रेन कापसातून काढून उताणा ओळीत मांडला. साधे, खाकी, ओळखीचे. शेवटून दुसरा पक्षी तिने मांडला आणि तिचा हात तिथेच राहिला.

त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला खवल्यांची काळी नक्षी होती. उजवी बाजू साधी खाकी होती. एका अंगाने तो आईचा पक्षी होता आणि दुसऱ्या अंगाने कुणाच्याही परसातला रेन. मधल्या रेषेवर नवी पिसं कोवळ्या कोंबांसारखी अर्धवट बाहेर आली होती.

त्याने पिसं बदलायला घेतली होती, आणि ती बदलून व्हायच्या आत कुणीतरी त्याला संग्रहात आणलं होतं. पक्षी पोरवयातली पिसं टाकतात आणि मोठेपणाची घेतात, हे तिला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण साऱ्या संग्रहालयांत मिळून रेन होते ते वसंतातले. वसंतात रेन गातो, गातो म्हणून सापडतो, आणि सापडतो तो पूर्ण वाढलेला. उन्हाळ्यातली पिल्लं गात नाहीत, झुडपांच्या बुडाशी दडून असतात, त्यांच्या वाटेला कुणी गेलंच नव्हतं. दादा तेवढा भर उन्हाळ्यात त्या दरीत गेला होता.

धाकटी उठली, कुलपातलं कपाट उघडलं आणि लाल चिठ्ठीचा पक्षी काढला. लाल चिठ्ठी म्हणजे मूळ नमुना. ज्या एका पक्ष्यावरून नाव दिलं जातं, तो. नाव त्या एका कातड्याला बांधलेलं असतं. ते कातडं ज्या जातीचं ठरेल, त्या जातीचं ते नाव. तिने भिंग लावलं. चोचीच्या कोपऱ्यात कातडीची एक सुकलेली घडी होती, घास मागणाऱ्या पिल्लांच्या तोंडाला असते तशी. शेपटीखालची पिसं कापसासारखी विरळ होती. आईचा पक्षी साध्या रेनचं पिल्लू होता. साध्या रेनचं नाव फार जुनं, आणि आधीचं नाव खरं असा नियम असल्यामुळे आईचं नाव आता बाद होतं.

चूक पकडल्याचा तिला क्षणभर आनंद झाला, कारण ती शेवटी त्याच धंद्यातली होती, आणि त्या आनंदाची तिला लगेच लाजही वाटली. पुस्तक छपाईला जायला महिना उरला होता. ऐंशी ओलांडलेल्या आईच्या आयुष्यात दुसरं कुणी तिचं नाव कशाला दिलं नव्हतं. ते पुसायचं, आणि तेही पोटच्या मुलीने. आपलेच दात, आपलेच ओठ.

ती खोकं घेऊन दादाकडे गेली. वहिनीने चहा ठेवला. दादाने पक्षी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं आणि पक्षी सगळीकडून फिरवून पाहिला. मग त्याने पक्षी अलगद कापसावर ठेवला.

"ती चोचीची घडी मी पाहिली होती," तो म्हणाला. "सुकताना कातडी आकसली असेल असं वाटलं. म्हणजे, वाटून घेतलं."

"कुणीही चुकलं असतं, दादा."

"तू नसतीस चुकली."

"मी पण तुझं वर्णन जसंच्या तसं उतरवलंच होतं की. हे खोकं आलं नसतं तर तसंच छापलं असतं."

चहा झाला. दादाने कप बशीत ठेवला आणि मान वर न करता म्हणाला, "धाकटे, पुस्तक थांबव. आई आहे तोवर थांब."

"किती थांबू?"

"ते मी कसं सांगू?"

"म्हणजे मी पुस्तक बांधून ठेवायचं आणि आई कधी जाते याची वाट बघायची? रोज तिला सूप भरवत?"

"असलं वेडंवाकडं बोलू नकोस."

"तूच बोललास. मी फक्त उलगडून सांगितलं."

"तुला काय जातंय गं," दादाचा आवाज चढला, "नाव तू दिलेलं नाहीस. मी दिलंय. तिच्यासाठी माझ्या हातून तेवढं एकच झालंय."

वहिनी मध्ये पडली, पण व्हायचं ते झालं होतं. धाकटी खोकं उचलून घरी आली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. दादा आईला भेटायला यायचा, पण धाकटी संग्रहालयात असेल अशा वेळी. आई दोघांकडे बघायची आणि मूग गिळून बसायची, कारण तिचे मुके दिवस सुरू होत होते. बाहेर झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती.

धाकटीची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. ती रोज ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज घरी येऊन आईचा चेहरा पाहिला की दुधाकडे बघायला जायची. एका संध्याकाळी तिने ते एक पान गाळूनच पुस्तक द्यावं असाही विचार केला. जात खरी म्हणायची नाही, खोटी म्हणायची नाही, मधल्यामध्ये कानाडोळा. मग दुसऱ्या दिवशी टेबलावर तो अर्धाअर्धा पक्षी उताणा पडलेला दिसला आणि तिने तो विचार सोडून दिला.

छपाईच्या आधीच्या रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. सोलत कसली, एक शेंग घेऊन ती हातात तशीच धरून होती. ब्रेड तिने शिवलाही नव्हता. धाकटीने खोकं टेबलाच्या कडेला आणून ठेवलं, खुर्ची ओढली, घसा साफ केला, आणि नेमकी दारावरची घंटा वाजली.

दारात दादा आणि वहिनी होती. दादाने नीट इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. धाकटीच्या मनात आलं, हा आपल्याला अडवायला आलाय, आणि तिने नकळत खोक्यावर हात ठेवला. वहिनीने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, तसं नाहीये म्हणून.

"आई," दादा समोर बसत म्हणाला, "तुझ्या पक्ष्याबद्दल बोलायचंय."

आईच्या हातातली शेंग खाली पडली. तिने आधी दादाकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग टेबलावरच्या खोक्याकडे.

"गेला का?" ती म्हणाली.

"कोण?"

"पक्षी रे. शेवटचा होता तोही गेला ना? म्हणून महिनाभर दोघं तोंड चुकवताय माझ्यापासून. सांगा की. माझी तयारी आहे."

दादा रस्ताभर मनाशी घोकलेलं सगळं भाषण तिथल्या तिथे विसरला. "तसं नाही गं," तो म्हणाला. "आई, तसा पक्षीच नव्हता. चूक माझी आहे, धाकटीची नाही. तिने शोधून काढली. मी ज्याला नवा पक्षी म्हटलं, ते साध्या रेनचं पिल्लू निघालं. तुझं नाव आता राहत नाही. मला माफ कर."

आईला ते एकदम कळलं नाही. धाकटीने खोकं उघडलं, कापूस बाजूला केला आणि अर्धाअर्धा पक्षी तिच्यापुढे धरला. आईची नजर अधू झाली होती, म्हणून तिने खिडकीच्या उजेडात मान वाकवून पाहिलं.

"ही बघ डावीकडची नक्षी," धाकटी म्हणाली. "ही लहानपणची पिसं. सगळ्या रेनांना असतात, उन्हाळाभर. मग ती गळतात आणि ही अशी साधी खाकी येतात. याची अर्धीच येऊन झाली होती."

"कधी गळतात?"

"पानगळीच्या सुमाराला."

आईने एक बोट पुढे करून नक्षीवरून साध्या बाजूकडे फिरवलं, फार हळू.

"म्हणजे दरवर्षी पानगळीत ते दिसेनासे व्हायचे," ती म्हणाली, "ते मरत नव्हते."

"नाही."

"मोठे होत होते."

"हो," दादा म्हणाला. वीस वर्षांत त्याला ते असं म्हणून बघायचं सुचलं नव्हतं.

आईने पदराने डोळे पुसले, पण ती हसत होती. मग ती बोलायला लागली, आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. तिला वाटायचं, तिचं नाव लागलं म्हणूनच त्या बिचाऱ्या पक्ष्यांना उतरती कळा लागली. पानगळ आली की पहिला विचार तोच यायचा, यंदा किती गेले असतील. रात्री वारा सुटला की त्या दरीत ते कसे असतील याच्याच काळजीत ती पडून राहायची. दादाला सांगावं तर त्याने एवढ्या हौसेने नाव दिलेलं, त्याला वाईट वाटेल.

"आम्हाला वाटायचं तुला बाबांची आठवण येते," धाकटी म्हणाली.

"त्यांची रोज येते. त्यासाठी पानगळ कशाला लागते?" आई म्हणाली. "आणि त्यांना जेवण टाकलेलं आवडायचं नाही."

वहिनीला हसू फुटलं, मग धाकटीला, आणि शेवटी दादालाही. धाकटीचा जीव भांड्यात पडला. महिनाभर जी गोष्ट सांगितल्याने आई खचेल म्हणून ती घाबरत होती, ती ठाऊक नसल्यामुळेच आई इतकी वर्षं खचत आली होती. या विचाराने तिला थोडं रडूही आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"मग आपल्या परसातल्या लाकडांच्या ढिगात घरटं करतात ते रेन?" आईने विचारलं.

"तेच. तुझेच ते. दर उन्हाळ्यात तुझेच असतात."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई दादाला म्हणाली. "दुर्बिणी घेऊन डोंगर चढत होता सगळे." तिने ब्रेडची बशी पुढे ओढली आणि लोणी कुठे आहे म्हणून विचारलं. "आणि माझं नाव? खोडतात का ते?"

"बाद होतं, पण खोडत नाहीत," धाकटी म्हणाली. आमच्याकडे एकदा छापलेलं नाव कुणी फेकून देत नाही, हे तिने समजावून सांगितलं. खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरांत, आधी कुणी काय काय म्हणून चुकलं होतं ते सगळं लिहून ठेवतात. पुढे जो कुणी रेनबद्दल लिहील, त्याला ते पुन्हा लिहावं लागतं. "म्हणजे साध्या रेनखाली तू कायमची."

"बारीक का असेना," आई ब्रेडला लोणी लावत म्हणाली. "बेकरीवाल्याला तेवढं तुम्ही सांगा. मला नाही जमायचं. तो म्हणेल, आजींचा पक्षी बुडाला."

"मी सांगतो," दादा म्हणाला. "माझी चूक, मीच सांगतो." मग तो धाकटीकडे वळला. "पानावर माझी चूक आहे असं स्पष्ट लिही. झाकू नकोस."

"लिहिलंय आधीच," धाकटी म्हणाली. "आणि तू ते पक्षी आणले नसतेस तर आजही कुणाला पिल्लं माहीत नसती, हेही लिहिलंय."

दादा उठला, भिंतीपाशी गेला आणि चित्राची चौकट दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलली. मागे भिंतीवर तेवढ्याच आकाराचा उजळ चौकोन राहिला होता.

"ते कशाला काढतोस?" आईने विचारलं.

"चुकीचं आहे ना आई आता ते."

"चुकीचं काय त्यात? पिल्लू आहे ना ते?" आई घास चावत म्हणाली. "घरात लहानपणचे फोटो लावतातच की. तुझा नागडा फोटो आहे कपाटात, तो मी काढून टाकला का?"

दादाने चौकट पुन्हा खिळ्याला अडकवली आणि सरळ बसली का ते धाकटीला विचारलं. ती म्हणाली, डावीकडे जरा वर घे. आईने तोवर दुसरा ब्रेड घेतला होता.